बर्फाचं विरजण

मे महिना लागला तशी कूरालाहतीच्या बंदिस्त बर्फ-हॉकी मैदानाची चारही दारं दिवसभर सताड उघडी असत. बाहेर बर्चच्या झाडांना पोपटी पालवी फुटली होती आणि उन्हाचा एक लांब पट्टा दारातून आत येऊन बर्फावर आडवा पडला होता. त्या पट्ट्यात एक केसाळ भुंगा उतरला, पायांना गार लागल्यासारखा दचकला आणि पुन्हा उडाला. भिंतीवरचा तापमापक सोळा अंश दाखवत होता. बर्फ वितळत नव्हता. फिनलंडच्या उत्तरेकडच्या या लहानशा गावाला त्याचं नवल वाटेनासं झालं होतं. बालवाडीतली मुलं शर्टाच्या बाह्या दुमडून स्केटिंग करत. टपाल वाटणारी बाई जाता जाता आत डोकावे आणि कठड्यावर पत्र ठेवून निघून जाई.

कुमुदिनी फाटकापाशी उभी होती. एका हातात चहाचा थर्मास, खांद्यावर टॉवेल. तिला बहात्तरावं लागलं होतं. मूळची ती अकोल्याची. लहानपणी तिने पाहिलेला बर्फ म्हणजे हातगाडीवरून येणारी लादी, वर गोणपाट आणि भुसा. मे महिन्यात घरापर्यंत येईतो ती लादी निम्मी व्हायची आणि रस्त्यावर पाण्याची एक रेघ उरायची. त्या रेघेवर अनवाणी चालत जायला तिला फार आवडे.

बर्फावर तिचा नवरा, एरो, फेऱ्या मारत होता. वय चौऱ्याहत्तर. तरुणपणी तो गावच्या संघात बचावाला खेळला, पुढे याच मैदानाचा बर्फ घालणं, तासणं, राखणं हे त्याचं काम झालं. कुमुदिनी त्याला बर्फमास्तर म्हणे. तीन वर्षांपूर्वी त्याला विस्मरणाने गाठलं. आज सकाळीही शर्टाची बटणं एक घर सोडून लावत त्याने तिला अदबीने विचारलं होतं, की बाई, आपण विजेचा मीटर बघायला आलात का?

चाळीस मिनिटांनी तो फाटकापाशी आला. तिने हात दिला. बाकावर बसून त्याने चहाचा घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"कुमुद, आलं जास्त झालंय."

"रोज तेवढंच असतं."

"मग रोज जास्त होतंय. अकोल्याच्या लोकांना जीभ नसते, नुसता घसा असतो."

या टोमण्यासाठी ती सकाळ उजाडायची वाट बघे. आता साधारण तासभर तो तिचा एरो असणार होता. त्या तासात ते शब्दकोडं सोडवत, जुन्या मित्रांची उणीदुणी काढत, अवजारांच्या खोलीची किल्ली कुठे ठेवली ते तो सांगे. अकराच्या सुमाराला त्याचे डोळे हळूहळू निवत आणि मग पुन्हा ती कुणीतरी अनोळखी, भली बाई होई.

हे कसं घडतं ते जगात फक्त कुमुदिनीला ठाऊक होतं, कारण हा बर्फ तिनेच शोधला होता. उत्तरेकडच्या खडकांवर दगडफुलासारखी एक वनस्पती वाढते. वीस वर्षांपूर्वी तिच्यात कुमुदिनीला एक प्रथिन सापडलं होतं. ते पाण्याच्या रेणूंना हात धरून रांगेत उभं करी आणि सोळा-सतरा अंशांपर्यंत ती रांग मोडू देत नसे. त्याला तिने साचा-प्रथिन म्हटलं. पण नुसती भुकटी पाण्यात टाकून काही होत नव्हतं. रांग कशी धरायची हे त्या पाण्याला आधीच धरलेल्या बर्फाच्या तुकड्याने दाखवावं लागे. पत्रकारांनी विचारलं तेव्हा तिने सरळ सांगितलं होतं, की आमच्याकडे दही लावतात तसंच हे. दूध कितीही चांगलं असो, विरजण लागतंच.

दुसरी गोष्ट तिने कुणाला सांगितली नव्हती. स्केटचं पातं जिथून जाई तिथे दाबामुळे ही प्रथिनं एका दिशेने कलत. वरचा थर तासला, नवं पाणी चढवलं, तरी नवा बर्फ त्याच कलाने धरे. डोळ्यांना सगळं काचेसारखं सपाट दिसे, पायांना मात्र एक मऊ वाट लागे. गवतातली पायवाट जशी आपोआप पावलं ओढते, तशी. या बर्फावर वीस वर्षं सर्वांत जास्त कोण फिरलं असेल तर एरो. रोज पहाटे, कुणी यायच्या आधी. आता त्याचे पाय स्वतःच्याच वाटेला लागत, शरीराला आपण कोण ते आठवे आणि मागोमाग मनालाही.

त्याच आठवड्यात जाई आली. जाई सरपोतदार, नाशिकची, तिशीतली अभियंता. उत्तर लीगमध्ये, म्हणजे नऊ थंड देशांच्या व्यावसायिक हॉकी संघटनेत, नवी मैदानं उभी करण्याचं काम तिच्याकडे होतं. सात वर्षांपूर्वी ती कुमुदिनीच्या हाताखाली शिकली होती आणि पहिल्याच दिवशी तिला मावशी करून मोकळी झाली होती.

"मावशी, लीगने होकार दिला!" दारातूनच ती ओरडली. "पोर्तुगाल, ग्रीस, माल्टा. हिवाळा नसलेले देश! पहिलं मैदान पोर्तुगालात, एव्होराला. मी भांडं घेऊनच आलेय." तिने पाठीवरची जाड पांढरी पेटी खाली ठेवली.

कुमुदिनीने पेटीकडे पाहिलं. कधीतरी हे होणार हे तिला ठाऊक होतं. पहिली पंधरा वर्षं हा बर्फ कापला की दोन दिवसांत पाणी होई. आता कुठे तो मुरला होता. मैदानाच्या मध्यातून काढलेली हातभर लादी दुसरं मैदान लावायला पुरली असती. शिवाय मैदानभरचा ताण त्याच्या प्रत्येक तुकड्यात उतरलेला असे. तळ्यात कुठेही खडा टाकला तरी तरंग सगळ्या काठांना पोचतो, तसा. लादीबरोबर सगळ्या वाटाही जाणार होत्या.

"विरजण मागायला आलेल्याला नाही म्हणू नये, असं माझी आई म्हणायची," ती हळू म्हणाली. "पण तिला कधी नवऱ्याचं भान दह्यात ठेवायची वेळ आली नव्हती."

मग तिने जाईला सगळं सांगितलं. जाई खाली बसली. बराच वेळ ती पेटीचा पट्टा बोटाला गुंडाळत राहिली.

"मला काकांचं हे माहीत नव्हतं. मी परत जाते, मावशी."

"जाऊ नकोस. कापलेली जागा भरून येते. थंड पाण्याचे पातळ थर, एकावर एक. तीन आठवडे वर कुणी पाऊल टाकायचं नाही. तीन आठवडे काढीन मी."

"आणि काका?"

"मीटर बघायला आलेली बाई म्हणून राहीन. काय करायचं!"

जाईला हसू आलं आणि लगेच डोळे पुसावे लागले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी लादी कापली. आत निळसर, धुक्यासारखी छटा होती. खड्ड्यावर ताडपत्री घातली. कुमुदिनी जाईला बसपर्यंत सोडायला गेली. एरो मैदानालगतच्या त्यांच्या घराच्या अंगणात, खुर्चीत उन्हात बसला होता. अर्ध्या तासाचा प्रश्न होता.

ती परतली तेव्हा खुर्ची रिकामी होती आणि मैदानातून पाण्याचा आवाज येत होता.

एरो जाड नळी कमरेशी धरून उलट्या पावलांनी मागे मागे येत होता, एका लयीत, डावीकडून उजवीकडे नळी झुलवत. ताडपत्री घडी करून बाजूला ठेवली होती. मैदानावर सगळीकडे वाफेचा पातळ पडदा तरंगत होता. गरम पाण्याच्या चावीवर लाल फुली होती. वीस वर्षांपूर्वी ती एरोनेच रंगवली होती, कारण साचा-प्रथिन गरम पाण्याने मरतं, कढत दुधात विरजण मरावं तसं. पण ती वीस वर्षं त्याच्याजवळ राहिली नव्हती. त्याआधीची तीस उरली होती. तेव्हा साध्या बर्फावर चांगला बर्फमास्तर नेहमी गरम पाणीच घाली. गरम पाण्यात हवा नसते, बर्फ नितळ धरतो. कुणीतरी मैदानाला खड्डा पाडून ठेवला होता आणि तो बुजवणं त्याचं काम होतं.

"बघा, बाई," तो अभिमानाने म्हणाला, "आरसा! दुपारपर्यंत धरेल."

मैदान खरोखर आरशासारखं दिसत होतं. छताच्या तुळया त्यात उलट्या तरंगत होत्या. कुमुदिनीने वाकून हात लावला. कोमट होतं.

"छान ओतलंत," ती म्हणाली.

"ओतायचं नसतं. पसरायचं असतं," त्याने शांतपणे चूक सुधारली आणि चावी बंद केली.

तिसऱ्या दिवशी मैदानाचं तळं झालं. उघड्या दारातून एक बदक आत आलं आणि मध्यभागी पोहत राहिलं. एरो कठड्याला टेकून त्याच्याकडे बघत होता. तो आता कुमुदिनीला मीटरवाली बाईही म्हणत नव्हता. तिने हात धरला की नम्रपणे सोडवून घेई.

तिने एव्होराला फोन लावला. झालं ते सगळं जाईला सांगितलं.

"लादी अजून पेटीत आहे, मावशी. उद्या सकाळी लावणार होतो. मी आज निघाले तर परवा तुमच्याकडे."

"आणि तिथलं मैदान?"

"तुम्हालाच माहीत. एकदा लावलं की दोन वर्षं पुन्हा कापता येत नाही. इथे चाळीस पोरं नाव घालून बसलीयत. त्यांतल्या एकीने मला विचारलं, बर्फाला वास असतो का? मी म्हटलं, उद्या सांगते. उद्या नाही सांगितलं तर काही आभाळ कोसळत नाही. तुम्ही म्हणाल तसं. खरंच."

कुमुदिनी खिडकीशी उभी होती. लादी परत आणली तर एरोच्या सकाळी परत येतील. तेही या गावात, ओळखीच्या भिंतींमध्ये. डॉक्टरांनी बजावलं होतं, की घर बदलू नका, बदललं तर जे उरलंय तेही जाईल. पण इथलं पाणी सगळं मेलं होतं. तळं उपसून, पाइप धुऊन, नवं पाणी तयार व्हायला चार महिने लागले असते, आणि इतका काळ पेटीतली लादी जगली नसती. आत्ताच्या आत्ता दूध होतं ते फक्त पोर्तुगालात.

"लाव तिथे," ती म्हणाली. "आम्हीच येतो."

"काकांना झेपेल?"

"ते मला विचारू नकोस गं."

एव्होराचं मैदान बुचांच्या एका जुन्या वखारीत होतं. बाहेर संत्र्याची झाडं आणि पांढऱ्या भिंती. जूनचं ऊन इतकं की कुमुदिनीला अकोल्याची आठवण यावी. जाड दगडी भिंतींमुळे आत मात्र सावली आणि गारवा असे. बर्फाला किंचित बुचाच्या लाकडाचा वास लागला होता. लादीपासून पसरत पसरत सारं मैदान सहा दिवसांत धरलं होतं आणि त्या सहा दिवसांत जाईने कुणाला दारही आपटू दिलं नव्हतं.

मुलं पहिल्या दिवशी धडाधड पडली. दुसऱ्या दिवशी कमी पडली. दहाव्या दिवशी ती अशी सरकत होती, जणू त्यांचे आजे-पणजे गोठलेल्या सरोवरांवर वाढले असावेत. लीगचे लोक येऊन थक्क होऊन गेले. सगळ्यांत आश्चर्य त्यांच्या शिक्षकाला वाटे. मी शिकवायच्या आधीच यांना येतं, असं तो म्हणे.

फक्त एरो बर्फावर जात नव्हता. तो फाटकापर्यंत येई, परक्या वखारीकडे, परक्या उजेडाकडे बघे आणि मागे फिरे. कुमुदिनी रोज फाटकापाशी उभी राही, थर्मास घेऊन. चाळीस मुलं रोज तीन तास खेळत होती. त्यांच्या पायांच्या नव्या वाटा धरत होत्या. एरोची वाट दर दिवशी थोडी फिकी होत असणार, हे तिच्याइतकं स्पष्ट कुणाला दिसत नव्हतं. आणि मुलांना थांबा म्हणायला तिची जीभ उचलत नव्हती.

एका सकाळी सराव संपल्यावर बेनेदिता तिच्यापाशी आली. बर्फाचा वास विचारणारी हीच. बारा वर्षांची, काटक, पुढचा एक दात किंचित आडवा. दोघींच्या कानात दुभाषा यंत्रं होती.

"डोना कुमुद, हा बर्फ तुम्ही केलात ना? मग त्याला काय झालंय ते सांगा. त्या तिकडच्या कोपऱ्यात तो माझा खांदा वळवतो."

"वळवतो म्हणजे?"

"म्हणजे मी वेगाने येते आणि तिथे आपोआप हळू होते. खांदा डावीकडे जातो, मान वर होते. सगळ्यांचं होतं. दुआर्ते म्हणतो तिथे भूत आहे. तो गाढव आहे. पण वर बघावंसं वाटतं हे खरं. आणि वर तर कुणीच नसतं!"

मागून जाई आली. "ते निघेल आज," ती मराठीत म्हणाली. "लीगचं पत्र आलंय. त्या वळणावर प्रत्येक खेळाडूचा अर्धा सेकंद जातो. रविवारी पहिला अधिकृत सामना आहे. गरम रूळ फिरवून तेवढा भाग सपाट करायचा. बाकीच्याला धक्का नाही लागणार, मावशी, मी स्वतः फिरवीन."

कुमुदिनी कोपऱ्याकडे बघत होती. उरलेली चार-पाच मुलं अजून खेळत होती. त्यांतला एक मुलगा कोपऱ्याशी आला, मंदावला, त्याचा खांदा वळला आणि चेहरा वर उचलला गेला, क्षणभरच. मग तो पुढे गेला. त्याच्या मागचीही तशीच. प्रत्येकाची नजर एकाच ठिकाणी जात होती. तिसऱ्या रांगेत, खांबालगतच्या खुर्चीकडे.

कूरालाहतीतही तिथे तिसरी रांग होती. खांबही होता. सतरा वर्षं कुमुदिनी रोज पहाटे त्या जागी बसे, मांडीवर वही आणि कानावर लोकरी टोपी, बर्फाची मोजमापं लिहीत. एरो काय करतोय याकडे तिचं लक्षही नसायचं. तो फेऱ्या मारायचा, ती आकडे लिहायची. मग तो आजारी पडला आणि बाहेर येताना त्याला हाताचा आधार लागू लागला, म्हणून ती खाली फाटकापाशी उभी राहायला लागली.

"मावशी?" जाईने विचारलं. "काय झालं?"

"रूळ थांबव. दुपारपर्यंत."

एरो दाराजवळच्या बाकावर बसला होता. कुमुदिनीने त्याच्या पायाशी स्केट ठेवले आणि काही न बोलता बाजूला झाली. बराच वेळ तो त्यांच्याकडे बघत राहिला. मग बोटांनी नाडी उचलली. मन काही विचारायच्या आत हातांनी गाठ मारली होती. तो उठला. जाई पुढे व्हायला लागली, तसं कुमुदिनीने तिला डोळ्यांनीच थोपवलं. बेनेदिताने मुलांना कठड्याशी बोलावून घेतलं. वखार शांत झाली.

एरोने एक पाऊल टाकलं, कठड्याला धरून. मग दुसरं. त्याचा पाय घसरला, सावरला, आणि कुठेतरी खाली, काचेखाली, त्याला काहीतरी लागलं. कठडा सुटला. तो लांब, सैल वळणं घेत निघाला.

कुमुदिनी फाटकापाशी थांबली नाही. ती लाकडी पायऱ्या चढू लागली. गुडघे कुरकुरत होते. तिसऱ्या रांगेतून ती खांबालगतच्या खुर्चीपाशी पोचली आणि बसली. हातात वही नव्हती, तेव्हा तिने हात मांडीवर नुसतेच ठेवले.

एरो लांबच्या टोकाला वळला. छताच्या काचेतून आलेला उजेड त्याच्या पांढऱ्या केसांवरून सरकत होता. तो कोपऱ्याकडे आला. मंदावला. खांदा वळला. मान वर झाली.

हे त्या बर्फाने सगळ्यांना शिकवलं होतं. आडव्या दाताच्या मुलीला, दुआर्तेला, चाळीस परक्या लेकरांना. तेव्हा या बघण्यात एरो किती आणि वाट किती, हे तिला कळेना. तो आता पुढे जाईल, मुलं जातात तसा.

तो पुढे गेला नाही. पाती आडवी करून तो थांबला. बर्फाचा भुगा उडाला. बर्फाने हे कुणालाच शिकवलं नव्हतं.

"तिथे कुणीतरी बसायचं," तो फिनिशमध्ये म्हणाला. शांत वखारीत त्याचा आवाज स्वच्छ ऐकू आला. "रोज."

"मी," कुमुदिनी म्हणाली. "मीच बसायची."

त्याने तिच्याकडे निरखून पाहिलं. कपाळावर आठी पडली. रागावलेल्या, वाट बघून थकलेल्या माणसाची.

"मग इतके दिवस होतीस कुठे?"